माजी सदस्याचा शोकप्रस्ताव

संसदेच्या तळमजल्यावर झेरॉक्सच्या खोलीला लागून एक अरुंद खोली होती. तिथे बसणाऱ्या कारकुनाला सगळी इमारत चित्रगुप्त म्हणायची. कामच तसं होतं. सभागृहाचा आजी-माजी कोणी सदस्य गेला, की त्याचा शोकप्रस्ताव यानेच लिहायचा. अठ्ठावीस वर्षांत सहाशेच्या वर माणसं त्याने अशी पोचवली होती. कॅन्टीनमध्ये तो शेजारी येऊन बसला, की म्हातारे सदस्य म्हणायचे, "आमचं लिहून ठेवलंयस ना रे? जरा बरं लिही." आणि हसत हसत ताट उचलून दुसऱ्या टेबलावर जायचे.

लिहिण्याचा साचा ठरलेला. जन्म, शिक्षण, निवडून आल्याची वर्षं, कोणकोणत्या समित्यांवर होते, आणि शेवटी 'त्यांच्या निधनाने एक अभ्यासू व मनमिळाऊ सदस्य हरपला आहे.' अभ्यासू आणि मनमिळाऊ सगळेच. एका महाभागाने सभागृहात तोंड उघडलं ते फक्त जांभई द्यायला, तोही अभ्यासू. दुसऱ्याने खुर्ची फेकून मारली होती, तो मनमिळाऊ. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते काही उगीच नाही. अध्यक्षांनी वाचायचं, सदस्यांनी दोन मिनिटं उभं राहायचं, की लगेच दिवसाचं काम सुरू. विद्यमान सदस्य गेला तरच दिवसभराची सुट्टी. माजी सदस्यासाठी कामकाज बंद करायचं तर दोन्ही बाकांवरून मागणी यावी लागते, आणि चित्रगुप्ताच्या नोकरीत ती एकदाही आली नव्हती.

त्या दिवशी अधिवेशनाचा शेवटचा दिवस होता. पुढे निवडणूक असल्यामुळे त्या सभागृहाचाही तो शेवटचाच. प्रश्नोत्तराच्या तासाला पहिल्या क्रमांकावर जो प्रश्न होता, तो चित्रगुप्ताला तोंडपाठ होता. नदीवरचा पूल बांधता बांधता कोसळला, त्याला पाच वर्षं झाली; त्या चौकशीचा अहवाल सरकार सभागृहापुढे ठेवणार आहे काय, असल्यास कधी, नसल्यास का नाही?

पुलावर एकोणीस माणसं गेली होती. त्यांत चित्रगुप्ताचा भाचा होता, सत्तावीस वर्षांचा, कनिष्ठ अभियंता. ढिगारा उपसणं चालूच होतं, आणि तिकडे बांधकाममंत्री कॅमेऱ्यांसमोर सांगून मोकळे झाले, की कनिष्ठ अभियंत्याने तपासणीत हलगर्जी केली. मेलेला माणूस उलटून बोलत नाही, त्यामुळे सोपं पडतं. पुढे चौकशी झाली. अहवालाला म्हणे पोराचीच तीन पत्रं जोडली होती. तिन्हींत त्याने वरच्यांना कळवलं होतं, की खांब खचतोय, काम थांबवा. पण अहवाल कुलपात आणि हलगर्जी मात्र सगळ्यांच्या तोंडात, असं पाच वर्षं चाललं होतं.

पोराची आई म्हणजे चित्रगुप्ताची थोरली बहीण. नवरा आधीच गेलेला, मूल हे एकच. गल्लीत तिच्यामागे बायका कुजबुजायच्या, ज्याच्यामुळे पूल पडला ना, त्याची आई. कचेऱ्यांचे उंबरठे झिजवून झाले, अर्जांची बाडं झाली. भावाकडे तिने दुसरं कधी काही मागितलं नाही, एवढंच मागितलं, "तू लिहिणारा माणूस आहेस. त्याच्याबद्दल चार ओळी लिहून दे, मी पेपरात देते." आणि दर वेळी हा म्हणाला, "सरकारी नोकर आहे मी, ताई. नियमात बसत नाही." शेवटी विरोधी पक्षातल्या एका वकीलबाईंनी प्रश्न घातला. प्रश्नांचा क्रम ठरवायला चिठ्ठ्या पडल्या, आणि नशिबाने तो पहिला निघाला. पहिला म्हणजे मंत्र्यांना उभं राहून तोंडी उत्तर द्यावंच लागणार.

सकाळी साडेनऊलाच त्याने ताईला प्रेक्षकांच्या गॅलरीत पुढच्या रांगेत नेऊन बसवलं. पास एका मित्राच्या ओळखीने काढला होता. ऑफिसात कोणाला नातं माहीत नव्हतं, आणि ते त्याने मुद्दामच कळू दिलं नव्हतं.

"हो म्हणतील का रे?" ताईने विचारलं.

"हो म्हणाले तर अहवाल बाहेर येईल. नाही म्हणाले तर का नाही, ते सांगावं लागेल. काहीही बोलले तरी छापलं जाईल. आता सुटका नाही त्यांची."

"म्हणजे त्याचं नाव धुऊन निघेल."

"निघेल, ताई," तो म्हणाला आणि जिना उतरून खाली आला.

खोलीत प्रतोदांचे खासगी सचिव त्याच्याच खुर्चीत बसले होते. सरकार पक्षाचे प्रतोद म्हणजे सदस्यांना हाकणारा, कोणी कधी बसायचं, कधी उठायचं हे ठरवणारा माणूस. त्याचे सचिव तळमजल्यावर उतरण्याची ही पहिलीच वेळ. त्यांच्या हातात एक कागद होता. तीस वर्षांपूर्वी एकदाच निवडून आलेले एक माजी सदस्य काल वारले होते.

"आज घ्यायचंय, सुरुवातीलाच," सचिव म्हणाले. "आणि तुमचं ते नेहमीचं नको. असं लिहा, की ऐकल्यावर सभागृहाला पुढे काम करवणार नाही."

चित्रगुप्त दूधखुळा नव्हता. शोकप्रस्ताव आधी, प्रश्न नंतर. कामकाज बंद झालं की प्रश्न गेला, आणि सभागृहच संपलं की प्रश्नही मेला. सुंठीवाचून खोकला जाणार होता, आणि सुंठ याच्याकडूनच उगाळून हवी होती.

"जी," तो म्हणाला.

नेहमीप्रमाणे त्याने मृताच्या घरी फोन लावला. सून म्हणाली, "काय सांगू? बोलायचे नाहीत फारसे. रेडिओ दुरुस्त करत बसायचे. जेवायला हाक मारली तरी यायचे नाहीत." आणखी काही विचारलं तर तिलाही आठवेना. चित्रगुप्ताला बरंच वाटलं. त्याच्याकडे हत्यार एकच होतं, त्याचा साचा. अठ्ठावीस वर्षांत त्या साच्याने कोणाच्या डोळ्यांत टिपूस आणलं नव्हतं. त्याने आठ ओळी लिहिल्या, अभ्यासू व मनमिळाऊवर आणून टेकवल्या आणि दिल्या.

सचिवांनी वाचून कागद टेबलावर टाकला. "ही काय वाण्याची यादी आहे? तुम्हाला जमत नसेल तर तसं सांगा. वरच्या मजल्यावर ती नवीन भाषांतरकार बाई आहे, चांगलं लिहिते म्हणतात. तिच्याकडून घेतो. निवृत्तीला सात महिने राहिलेत ना तुमचे? मुदतवाढीचा अर्जही बघितलाय मी."

आता चित्रगुप्ताने काय करायला हवं होतं, हे सांगायला अक्कल लागत नाही. हात वर करून म्हणायचं, घ्या तिच्याकडून. पण माणूस मोठा विचित्र प्राणी. मुदतवाढीची लालूच होती, भीती होती, हे खरंच. पण सगळ्यात जास्त त्याला झोंबली ती वाण्याची यादी. शिवाय मनाने वकिली सुरू केली. मी नाही लिहिलं तर ती लिहील, व्हायचं ते होणारच. जगातली निम्मी पापं याच एका वाक्याच्या आधाराने होतात.

"पंधरा मिनिटं द्या," तो म्हणाला.

कागद पुढे ओढला आणि त्याला काही सुचेना. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याबद्दल लिहिणार तरी काय? पाच मिनिटं गेली. मग हात चालू लागला, आणि दुसऱ्या ओळीलाच त्याला कळलं, की हा म्हातारा नाही, हा आपला भाचा आहे. त्याने हात थांबवला नाही.

'कोणी गाऱ्हाणं घेऊन आलं, की ते स्वतःची खुर्ची पुढे सरकवत आणि म्हणत, निवांत सांगा, मला घाई नाही. जिन्यात वयस्कर माणूस वर येताना दिसला, की कितीही गडबड असली तरी ते कठड्याला टेकून उभे राहत. बाहेर पडताना स्वतःच्या दाराचं कुलूप ओढून बघत, आणि जाता जाता शेजाऱ्याचंही. न तपासता त्यांनी कोणत्याही कागदावर सही केली नाही, आणि जे डोळ्यांना दिसलं ते लिहायला ते कधी भ्याले नाहीत. मोठ्यांनी ऐकलं नाही, तेव्हा त्यांनी पुन्हा लिहिलं, आणि पुन्हा लिहिलं.'

दीड पान झालं. लिहिताना त्याला आनंद झाला, अगदी पोट भरून झाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याने काहीतरी चांगलं लिहिलं होतं. त्या पंधरा मिनिटांत ताई वर गॅलरीत बसलीये, हे तो साफ विसरून गेला. सचिवांनी कागद वाचला, घडी केली, आणि जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

अकरा वाजता घंटा झाली. चित्रगुप्त अधिकाऱ्यांच्या बाकामागे उभा राहिला. तिथून गॅलरीची पहिली रांग दिसायची.

अध्यक्ष वाचू लागले. पहिल्या दोन ओळींना नेहमीसारखी खाकरण्या-कुजबुजण्याची गडबड होती. 'मला घाई नाही'पाशी कुजबूज थांबली. कुलपापाशी मागच्या बाकावरच्या एका सदस्याने चष्मा काढला. 'पुन्हा लिहिलं' म्हणताना खुद्द अध्यक्षांचा आवाज कातर झाला. वर ताई कठडा धरून पुढे वाकली होती. तिचं तोंड थोडं उघडं होतं, आणि ती खाली अध्यक्षांकडे बघत होती, भावाकडे नाही.

मग बांधकाममंत्री उठले. रुमाल आधीच हातात होता. "अध्यक्ष महोदय, सही करण्यापूर्वी तपासणारी माणसं आता राहिली नाहीत. आम्हा सर्वांपुढे त्यांचा आदर्श आहे. आज या सभागृहाने दुसरं काही काम करावं, हे माझ्या मनाला पटत नाही." हे बोलताना त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. चित्रगुप्ताला त्या पाण्याची जितकी किळस आली, तितकी आयुष्यात कशाची आली नव्हती. आणि ते पाणी काढलं होतं त्यानेच.

सगळ्यांच्या नजरा वकीलबाईंकडे वळल्या. एका 'नाही'वर सगळं अडलं असतं. त्या उठल्या, हातातली प्रश्नाची फाईल बाकावर उपडी ठेवली, आणि म्हणाल्या, "अशा माणसाच्या स्मृतीपुढे पक्षभेद नसतो. आमची संमती आहे." निवडणूक तोंडावर असताना मेलेल्या सज्जनाला विरोध कोण करणार?

सभागृह दोन मिनिटं उभं राहिलं. मग बेमुदत तहकूब झालं. अकरा वाजून चौदा मिनिटं झाली होती, आणि सदस्य एकमेकांना निवडणुकीच्या शुभेच्छा देत बाहेर पडत होते.

ताई गॅलरीच्या जिन्याखाली बाकावर बसली होती. वकीलबाई जाता जाता थांबल्या. "काय करणार, ताई, माणूसच तसा होता तो. पुढच्या सभागृहात पहिला प्रश्न तुमचाच," म्हणाल्या, आणि गाडी आल्याचं सांगायला आलेल्या माणसामागे निघून गेल्या. आपण स्वतः पुढच्या सभागृहात असू की नाही, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

चित्रगुप्त ताईशेजारी बसला.

"तो म्हातारा कोण होता रे?" ताईने विचारलं.

"माहीत नाही. रेडिओ दुरुस्त करायचा."

"तू लिहिलंस."

"हो." त्याचे आपलेच दात आणि आपलेच ओठ झाले होते. "मी नसतं लिहिलं, तर दुसऱ्या कोणाकडून तरी..."

"राहू दे." ताईच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर त्याला सोसवलं असतं. "पाच वर्षं चार ओळी मागत होते मी. वर बसून ऐकताना मला रडू आवरेना. शेजारची बाई म्हणाली, तुमचे कोण होते हो ते? मी म्हटलं, मुलगा. ती बघतच राहिली माझ्याकडे. ऐंशी वर्षांचा म्हातारा, आणि ही म्हणते मुलगा."

चित्रगुप्ताने मान खाली घातली. समोरून शिपाई गॅलरीचे दिवे बंद करत चालला होता.

"एक प्रत दे मला त्याची," ताई म्हणाली. "वर नाव दुसऱ्याचं असलं तरी चालेल. मला वाचायला हवी आहे."

आणि अठ्ठावीस वर्षांची सवय त्याच्या आधी बोलून गेली. "ताई, शोकप्रस्तावाची प्रत फक्त दिवंगताच्या कुटुंबीयांनाच देता येते."

ताईने त्याच्याकडे पाहिलं. त्या सकाळी पहिल्यांदाच नीट, थेट तोंडाकडे.

"मग दे की," ती म्हणाली.