नळीतले बोळे

बंदुकीच्या दोन्ही नळ्यांत मालनबाईनं ग्रीसचे बोळे घातले तेव्हा तिचा नवरा गोरक्ष घरी नव्हता. तो खत आणायला राजूरला गेला होता. पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. भिंती घामेजल्या होत्या, गोधड्यांना कुबट वास येत होता. मालनबाईनं कपाट उघडून दुनळी बाहेर काढली, नळीच्या तोंडाशी बोट फिरवलं, तर बोटाला तांबूस डाग आला.

बंदूक गोरक्षच्या वडिलांपासूनची. रानडुकरं भातात शिरतात म्हणून पीकरक्षणाचा परवाना होता, तो पुढं गोरक्षच्या नावावर झाला. चालवायची गोरक्षनं आणि पुसायची मालनबाईनं, असं लग्नापासून चालत आलं होतं. सासूनं शिकवलं तसं ती खोबरेल लावायची आणि थंडीत ते गोठलं की शेंगदाण्याचं. उन्हाळ्यात परवान्याचं नूतनीकरण करायला गेले तेव्हा तपासणाऱ्यानं चाप ओढून पाहिला, तो निम्म्यातच अडकला. दुरुस्त करून आणा, नाहीतर परवाना राहायचा नाही, असं त्यानं सांगितलं. म्हणून दोघं नगरला दाऊदभाईंच्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात गेले होते. दाऊदभाईंना आता बारीक दिसत नव्हतं. काम त्यांची मुलगी अलफिया करायची.

अलफियानं बाजूची पट्टी सोडवली. आत तपकिरी चिकट थर बसला होता.

"मावशी, तेल कुठलं लावता?"

मालनबाईनं सांगितलं.

"खायचं तेल हवेवर सुकतं आणि त्याची अशी राळ होते. चाप त्यानंच अडकलाय."

"मग पेट्रोलनं धुवू का?"

"पेट्रोल, थिनर सगळं तेल ओढून नेतं. लोखंड उघडं पडतं. तुमच्या हवेत सकाळी धुतलेली बंदूक संध्याकाळी तांबरेल. लाकडाचं पॉलिश जाईल ते वेगळंच."

"नटबोल्ट सोडवायचा फवारा हाय घरी."

"तो पाणी काढायला बरा. पण टिकत नाही. आणि काडतुसाच्या बुडात झिरपला तर काडतूस मरतं, ऐन वेळी उडत नाही." अलफियानं दोन बाटल्या पुढं ठेवल्या. "हे सॉल्व्हंट, नळीतल्या काजळीला. चिंधीवर घेऊन फिरवायचं, थोडं मुरू द्यायचं, मग पुसून काढायचं. आणि हे बंदुकीचं पातळ तेल. आतल्या भागांना एखादा थेंब, नळीला आतून-बाहेरून नुसतं बोट. अन् बार काढायच्या आधी कोऱ्या चिंधीनं नळी पुसायचीच. आत काही राहता कामा नये."

गोरक्ष तेव्हा बाहेर फोनवर बोलत होता. ऐकलं ते मालनबाईनं एकटीनं.

तिनं सांगितल्याप्रमाणेच केलं. काजळी निघाली, चाप लोण्यासारखा फिरायला लागला. पण ते तेल पाण्याइतकं पातळ होतं. नगरच्या कोरड्या हवेत टिकत असेल, असं तिला वाटत राहिलं. आणि आता बोटाला तांबेरा लागल्यावर तिची खात्रीच झाली. ट्रॅक्टरच्या चाकाला लावायच्या ग्रीसचा डबा पडवीत होता. जुन्या लुगड्याच्या चिंध्या ग्रीसमध्ये घोळून तिनं दोन घट्ट बोळे केले आणि एकेका नळीच्या तोंडातून नळी पुसायच्या गजानं वीतभर आत ढकलले. आता वारा जायला नको आणि ओल जायला नको. तिला बरं वाटलं. गोरक्ष आला की सांगू, असं तिनं ठरवलं होतं. पण तो भिजून, खत मिळालं नाही म्हणून चिडून आला. मग गाय आजारी पडली. सांगायचं राहिलं ते राहिलंच.

पाऊस ओसरला, भाताला लोंब्या आल्या. त्या सकाळी मालनबाई ओढ्यापलीकडं गवत कापत होती. खालच्या वस्तीवरून डबे बडवल्याचा आवाज आला. डुकरं आली असतील म्हणून तिनं आधी लक्ष दिलं नाही. मग बांधावरून पळत येणारी शेजारीण गोजरबाई दिसली.

"मालन, गहिनीनाथच्या गोठ्यात बिबट्या शिरलाय. शेळीमागं आत गेला तो बाहेरच येईना."

"माणसं कुठं हायेत?"

"समदी बाहेर. पर दिशा आत अडकलीय, चुलीच्या खोलीत."

मालनबाईच्या हातातलं गवत खाली पडलं. दिशा ही गहिनीनाथची सून. त्या घराची रचना तिला पाठ होती. चुलीच्या खोलीचं दार गोठ्यातच उघडत होतं, दुसरी वाट नव्हती. मधे कुडाची भिंत, काटक्यांवर शेण लिंपलेली. बिबट्यानं ठरवलं तर ती एका धडकेची होती.

"फॉरेष्टवाल्यांना फोन लावलाय," गोजरबाई म्हणाली, "पर त्यांना यायला येळ लागंल. तुझे मालक बंदूक घिऊन गेलेत, आता बार काढतील."

मालनबाईला आधी काही कळलंच नाही. मग एकदम सगळं कळलं. ग्रीस, चिंध्या, गजानं ठोकून बसवलेले बोळे. पुढून बंद असलेल्या नळीत बार उडाला तर नळी हातातच फुटते, हे ती सासऱ्यांच्या तोंडून ऐकत आली होती. गोरक्षचा डावा हात नळीखाली असणार. गाल दस्त्याला टेकलेला असणार.

ती पळत सुटली. ओढ्यातून जाताना पाय घसरला, गुडघा दगडावर आपटला. उठून पुन्हा पळाली. "अवो, थांबा. बार काढू नका," असं ती ओरडत होती, पण खाली डब्यांचा आणि माणसांचा गलका इतका होता की तिचा आवाज तिलाच नीट ऐकू येत नव्हता. फोन घरी राहिला होता. बरोबर असता तरी त्या घळीत त्याला रेंज नव्हती.

खाचराच्या शेवटच्या बांधावरून तिला अंगण दिसलं. माणसं लांब अर्धगोल करून उभी होती. मधोमध गोरक्ष होता. त्यानं बंदूक बिजागरीवर मोडून काडतुसं भरली आणि खटकन मिटली. गहिनीनाथ त्याच्याजवळ उभा राहून हातवारे करत होता.

"दाराकडं नेम धर," गहिनीनाथ म्हणत होता. "बाहेर आला की उडव."

"मारायचा न्हाई. वरती बार काढतो, आवाजानं जाईल पळून. न्हाईच गेला अन् पोरीकडं वळला, तर दुसरी नळी हाय."

आतून गुरगुर ऐकू आली. त्याबरोबर दिशाचं बारीक रडणं. गर्दी मागं सरकली आणि एकदम शांत झाली. गोरक्षनं बंदूक खांद्याला लावली, नळ्या आभाळाकडं केल्या.

मालनबाई गर्दीच्या मागून आली. ओरडावं तर तो दचकून चाप ओढेल, हे तिला त्या घटकेला सुचलं. ती गप्प राहिली. माणसांना कोपरांनी सारत पुढं घुसली आणि मागून त्याचा उजवा हात मनगटाशी दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"बोट काढा," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "नळीत बोळा हाय."

"सोड. येड लागलंय का तुला?"

"मी घातलाय. पावसात. दोन्ही नळ्यांत. बोट काढा आधी."

गोरक्षनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. तिचं तोंड चिखलानं भरलं होतं. त्याचं बोट हळूच चापावरून बाजूला झालं. त्यानं बंदूक खाली घेतली, मोडली, काडतुसं काढून खिशात टाकली आणि नळ्या उजेडाकडं धरून आत पाहिलं. समोर आभाळाचा गोल दिसायला हवा होता. तिथं काळं मिट्ट होतं.

त्याच्या कपाळावर घाम फुटलेला मालनबाईला दिसला.

"काय झालं? काढ की बार," गहिनीनाथ म्हणाला.

"न्हाई काढायचा." गोरक्षनं बंदूक मोडलेलीच ठेवली. "आवाजानं जनावर बिथरलं अन् कुडावर पडलं तर काय करशील? शिडी आन. पोरीला वरून काढू."

गहिनीनाथला हे पटलं नव्हतं, पण वाद घालायला वेळ नव्हता. शिडी आली. गोरक्षनं बंदूक मालनबाईच्या हातात दिली, तिच्याकडं न बघता, आणि घराच्या मागच्या अंगानं कौलांवर चढला. बाकीच्यांनी पुढून डबे हळूहळू वाजवत ठेवायचे, बिबट्याचं लक्ष दाराकडं राहील असं बघायचं, एवढंच त्यानं सांगितलं.

एकेक कौल उचलून तो मागं शिडीवर उभ्या माणसाकडं देत होता. एक कौल निसटलं आणि आत पडून फुटलं. गोठ्यात धाडकन आवाज झाला, कुड हलला, लिंपणाचा पोपडा गळाल्याचं खाली ऐकू आलं. डबे वाजवणारे हात थांबले. मालनबाई रिकामी बंदूक छातीशी धरून उभी होती आणि तिच्या मनात येत होतं, आता पोरीला काही झालं तर तेही माझ्याच हातून. तिनं बोळे घातले नसते तर आतापर्यंत बार उडाला असता, कदाचित जनावर निघूनही गेलं असतं.

"दिशा," वरून गोरक्षचा आवाज आला, अगदी हळू. "चुलीवर पाय दिऊन उभी ऱ्हा. हात वर कर. रडू नको बाळ, माझ्याकडं बघ."

वाशांच्या मधल्या फटीतून आधी काजळी लागलेले दोन हात आले. मग गोरक्षनं पालथं पडून तिला काखेत धरून ओढलं. तिचं लुगडं वाशाच्या खिळ्याला अडकलं, टरकन फाटलं, आणि ती वर आली. शिडीवरून ती खाली उतरली. सासूनं तिला मिठीत घेतलं तशी ती मोठ्यानं रडायला लागली.

दुपारी वनखात्याची माणसं पिंजरा आणि जाळी घेऊन आली. गोठ्याच्या दाराला पिंजरा लावून मागून फळ्या बडवल्या, तसा बिबट्या सरळ पिंजऱ्यात शिरला. वर्षा-दीड वर्षाचा असेल, भुकेनं पोट पाठीला लागलेलं. एक शेळी गेली होती. कुडाला खालच्या बाजूला हात जाईल एवढं भगदाड पडलं होतं.

गोरक्षनं बार का काढला नाही, हे वस्तीवर ज्यानं त्यानं विचारलं. त्यानं सगळ्यांना एकच उत्तर दिलं, की जनावर बिथरलं असतं. मालनबाई शेजारी उभी राहून ऐकत होती. तिला खाली मान घालावीशी वाटली, पण तिनं घातली नाही.

घरी आल्यावर तो ओट्यावर बसला आणि गज घेऊन बोळा काढायला लागला. बोळा हलेना. ग्रीस थिजून चिंधी लोखंडाला धरून बसली होती. त्यानं मागच्या बाजूनं थोडं रॉकेल सोडलं, वाट बघितली, मग गज टेकवून लाकडानं ठोकला. कितीतरी वेळानं काळा गोळा ओट्यावर पडला. त्यात लुगड्याचा हिरवा काठ अजून ओळखू येत होता. त्यानं तो उचलून बघितला.

"हे कवा घातलं हुतंस?"

"तुमी खताला गेल्ता तवा."

"मला का न्हाई सांगितलं?"

"सांगनार हुते. मग इसरले." तिनं त्या हिरव्या काठाकडं पाहिलं. "अन् तुमी हसाल आसं बी वाटलं. त्या पोरीनं दिलेल्या तेलावर माझा इस्वास न्हाई म्हनून."

"हसलो आसतो," गोरक्ष म्हणाला. मग बराच वेळ तो आपल्या डाव्या पंजाकडं बघत राहिला, बोटं उघडून, मिटून. "तू मनगट धरलंस ना, तवा निम्मा चाप आत गेल्ता."

मालनबाईनं पदर तोंडाला लावला. सकाळपासून ती रडली नव्हती, आता तिला आवरेना. गोरक्षनं तिला रडू दिलं. मग गज उचलून तिच्या हातात दिला आणि बंदूक स्वतः गुडघ्यांत घट्ट धरली.

"दुसऱ्या नळीतला तू काढ," तो म्हणाला. "मी धरतो."