नदीची वाळू

एर्सिलियाचे वडील ऑगस्टमध्ये गेले. समुद्रकाठच्या रोमन हवेलीचे ते चाळीस वर्षं राखणदार होते. हवेली म्हणजे आता गुडघाभर भिंती, माशांचा दगडी हौद आणि काळ्या-पांढऱ्या खड्यांतून डॉल्फिन जुळवलेली एक फरशी. पावसाळी थंडी सुरू होण्याआधी तिच्यावर कापड अंथरून वाळूचा थर द्यायचा आणि एप्रिलमध्ये काढायचा. वडिलांच्या जागी तूर्त एर्सिलियाला नेमलं होतं. हा तिचा पहिलाच ऑक्टोबर.

सकाळी ती पोचली तेव्हा ट्रक आलेला होता, थोडी वाळू उतरवलीही होती. वडिलांचा जुना गवंडी ओरेस्ते फावडं धरून उभा. एर्सिलियानं चिमूटभर वाळू जिभेवर ठेवली आणि थुंकली.

“ही किनाऱ्यावरची आहे.”

“वाळू ती वाळू, बाई,” ठेकेदार फाब्रीत्सी हसला. “समुद्र पन्नास पावलांवर, आणि मी नदीपर्यंत ट्रक पळवू?”

“मीठ खड्यांखालच्या चुन्यात उतरतं. एप्रिलमध्ये खडे दातांसारखे हलतील.”

“दोन हजार वर्षं खारा वारा खाल्लाय या फरशीनं!”

“वारा निघून जातो. ही वाळू सहा महिने अंगावर बसून राहणार.”

“तुमचे वडील एवढे अडून बसले नसते.”

“मी एकदा असली वाळू आणली म्हणून तो तर माझ्या बुटावर थुंकला होता,” ओरेस्ते म्हणाला. “नवे बूट होते.”

फाब्रीत्सीनं पुरातत्त्व खात्याच्या कचेरीत फोन लावला, थोडं बोलला आणि पावती पुढे केली. “साहेब म्हणतात, सही करा. हंगामी माणसानं वाद घालू नये. तुमची जागा अजून पक्की नाही, माहीत आहे ना?”

“माहीत आहे.”

एर्सिलियानं पावतीवर ठळक लिहिलं: वाळू खारी, नाकारली. खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं. मग बूट काढून ती फरशीच्या मधोमध जाऊन बसली.

“टाका आता,” ती म्हणाली. “माझ्यावरून टाका.”

फाब्रीत्सीनं ओरेस्तेकडे पाहिलं. ओरेस्तेनं फावडं भिंतीला टेकवलं आणि खिशातून पाव काढून खायला सुरुवात केली. शेवटी ठेकेदार आणि ड्रायव्हर दोघांनीच, शिव्या देत, उतरवलेली वाळू परत ट्रकमध्ये चढवली. तासभर लागला. एर्सिलिया कुणाकडेही न बघता बसून होती.

ट्रक फाटकाबाहेर गेला.

“ऊठ आता, पोरी. फरशी गार आहे.”

“नदीची वाळू येऊ दे. मग उठते.”