घ अडकला

"आई, गोगलगाईला हजारो दात असतात," लेकीने बूट काढता काढता सांगितलं.

"कुणी सांगितलं?"

"आजोबांनी."

सासरे छत्री कोपऱ्यात उभी करत होते. चाळीस वर्षं टाइपरायटर दुरुस्त केलेला, मोजकं बोलणारा माणूस. परवा कासव, काल खेकडा, आज ही गोगलगाय. बालवाडी दहा मिनिटांवर, आणि यायला पाऊण तास. माझ्या मनात पाल चुकचुकली.

"उशीर झाला, बाबा?"

"पाय कुरकुरतात गं. माझ्यापेक्षा तेच जास्त बोलतात हल्ली."

नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "आता बाबांवर पाळत ठेवणार का?"

ठेवणारच होते. पोर माझी होती. लेकीला खोदून विचारलं.

"आम्ही बाकावर बसतो. आजोबा चिठ्ठी वाचतात, मग डोळे मिटतात."

कुणाची चिठ्ठी? जीव थाऱ्यावर राहिना.

दुसऱ्या दिवशी घुबड आलं. त्याला म्हणे डोळे फिरवता येत नाहीत, म्हणून ते मान फिरवतं. क, ख, ग, घ. माणूस ओळीने चालला होता.

"उद्या काय, ङ?" मी टोचून विचारलं.

"ङ ची कळ कधी झिजलेली पाहिली नाही मी. थेट च."

पण त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा घुबडच आलं. तिसऱ्या दिवशीही.

"आजोबा, घ झाला की," लेक म्हणाली. ते नुसते हसले.

त्या दुपारी त्यांचा सदरा धुवायला घेतला आणि खिशात ती चिठ्ठी सापडली. डॉक्टरांचं अक्षर होतं. 'रोज एक नवी माहिती वाचावी. घरी कुणाला तरी आठवून सांगावी.' मागे सासऱ्यांचं अक्षर, छापल्यासारखं सरळ: 'घर. बालवाडीतून डावीकडे. औषधांचं दुकान. निळं फाटक.'

'निळं फाटक' दोनदा गिरवलेलं होतं.

मान वर केली तर ते दारात उभे.

"एक जरी अक्षर अडकत असलं, तरी आम्ही मशीन गिऱ्हाइकाच्या हातात देत नव्हतो," ते म्हणाले. "उद्यापासून हिला तू आणत जा."

लेकीला आणायला लागणारं बालवाडीचं कार्ड, ज्यावर त्यांचा फोटो होता, ते त्यांनी माझ्या पर्सशेजारी ठेवलं. फोटोची बाजू खाली करून.