डावा हात व्हर्जिलचा

“उघडू नकोस ते,” एल्डन म्हणाला. तोवर रोंडाने खोक्यावरची पट्टी टर्रकन फाडलीही होती.

आत गिटार होती. काळीभोर, कडेने पांढरी रेघ, दांड्यावर शिंपल्याची जडवलेली पाखरं. ज्या गायकाचं गाणं रेडिओवर लागलं की एल्डन शाळेची बस जरा हळू चालवायचा, त्याच्या गिटारीची ही हुबेहूब नक्कल होती; बसच्या ड्रायव्हरलाही परवडावी अशी. वायर जोडली की स्पीकरवरही वाजणारी. वडिलांच्या वाढदिवसासाठी रोंडाने ती केव्हाच मागवली होती. ती यायच्या आतच अर्धांगाचा झटका आला आणि एल्डनचा डावा हात लुळा पडला.

“परत पाठव. थट्टा करतेस का बापाची?”

“डॅडी, नुसती मांडीवर तरी घ्या.”

“मांडीवर घ्यायला ते काय पोर आहे?”

एवढ्यात जाळीचं दार वाजलं आणि त्याचा धाकटा भाऊ व्हर्जिल आत आला. आदल्या दिवशीच त्याची बायको नोला गेली होती. रोंडाने पुढे ठेवलेली मक्याची पोळी त्याने बाजूला सारली.

“शनिवारी टेकडीवर पुरायचं ठरलंय,” तो म्हणाला. “तिनं सांगून ठेवलंय, भजनाला गिटार एल्डनचीच हवी.”

खोऱ्यातल्या प्रत्येक मातीला एल्डनच वाजवत आला होता.

“आंधळा आहेस का? हात बघ माझा.”

“बघितला. उजवा चालतोय ना?”

“एका हातानं काय टाळ्या वाजवू?”

“डावा माझा घे.”

एल्डनने उजव्या हाताने खोकं जवळ ओढलं. लहानपणी दोघं एकाच गिटारीवर शिकले होते. पुढे व्हर्जिल कोळशाच्या खाणीत उतरला आणि त्याने पुन्हा तारेला हात लावला नाही.

दोघं खाटेवर खांद्याला खांदा लावून बसले. दांडा व्हर्जिलच्या हातात, तारा एल्डनच्या. पहिल्या दिवशी नुसता खडखडाट झाला.

“अरे दाब नीट! मेलेल्या सापासारखी काय पडलीयत बोटं?”

“तूच पळतोयस. बस चुकणार आहे का तुझी?”

स्वयंपाकघरात रोंडाला हसू फुटलं. व्हर्जिलही हसला आणि हसता हसता त्याला खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर म्हणाला, “नोला असती ना, पोट धरून हसली असती रे.” त्याची बोटं दांड्यावरून सुटली. एल्डनने तारांवरून हलकेच बोटं फिरवली आणि व्हर्जिल पुन्हा तारा दाबायला लागेपर्यंत थांबून राहिला.

शनिवारी टेकडीवर वारा होता. रोंडाने पिकअपच्या मागच्या फळीवर स्पीकर ठेवून वायर जोडली. खणलेल्या कबरीशेजारी दोन खुर्च्या मांडल्या होत्या. सुरुवात अडखळली. दुसऱ्या कडव्याला लोकांनी सूर धरला, तसे दोन्ही हात एका माणसाचे असावेत तसे चालू लागले. व्हर्जिलची नजर नोलाच्या शवपेटीवर होती, बोटांकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

भजन संपलं. पेटी खाली गेली, माती पडू लागली. एल्डनचा हात थांबला होता, व्हर्जिलची बोटं मात्र शेवटच्या सुरावर तशीच दाबलेली राहिली. रोंडा वायर काढायला पुढे आली. एल्डनने मान हलवून तिला थांबवलं, आणि भावाला खेटून तसाच बसून राहिला.