चौदानंतर अठरा

मास्टरने कात्री टेपवर टेकवली आणि परत उचलली. ही तिसरी खेप.

"कापायची असेल तर काप, नाहीतर कात्री इकडे दे. माझं काम खोळंबलंय," ताई म्हणाली.

ताई म्हणजे मास्टरची थोरली बहीण. दुकानातली काजं, बटणं आणि हातशिलाई तिच्याकडे, आणि मास्टरला उठता बसता चार शब्द सुनावणं हेही तिच्याकडेच. ती खिडकीपाशी बसून एका शर्टाला बटणं लावत होती.

"आजवर किती कापड कापलं त्याला गणती नाही," मास्टर म्हणाला. "पण टेप कधी कापली नाही गं. हातच धजत नाही."

"मग तोंडाने खोटं बोल. त्याला कात्री लागत नाही."

"बोलेन की. पण साहेब वाकून टेप बघणार, त्याचं काय करू?"

साहेब टेप बघणार हे तिलाही पक्कं ठाऊक होतं.

साहेब वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले होते, पण सुटलं होतं ते फक्त खातं. साहेब अजूनही भाजीवाल्याच्या तराजूखाली हात घालून बघायचे, चिकटवलेलं काही आहे का म्हणून. मास्टर दुकानात कापडही विकायचा. साहेब पहिल्यांदा तपासणीला आले, तेव्हा मास्टरचा लोखंडी मीटर टोकाला केसभर झिजलेला निघाला. झालं, मीटर जप्त! मास्टरने देऊ केलेला चहासुद्धा त्यांनी घेतला नाही. जाताना एवढंच म्हणाले, की कापडी टेप वर्षभरात ताणली जाते, दर वर्षी नवीन घ्यायची. मास्टरला तेव्हा असा राग आला होता की विचारू नका. पण दर वर्षी टेप मात्र तो नवी घेऊ लागला, आणि साहेबांच्या पँटी त्यानंतर कायम त्याच्याचकडे शिवायला यायच्या. कंबर छत्तीस, लांबी चाळीस. वही बघायचीसुद्धा गरज नसायची.

आज सकाळी दुकान उघडायच्या आधीच साहेबांच्या पत्नी पायरीवर उभ्या होत्या. मास्टर त्यांना वहिनी म्हणायचा. एरवी त्या आल्या की आधी ताईशी अर्धा तास गप्पा व्हायच्या. आज त्या स्टुलावर बसल्या आणि पिशवीचे बंद नुसते पिळत राहिल्या.

"ह्यांना औषध चालू आहे ते माहितीय ना तुम्हाला," त्या म्हणाल्या. "सहा वेळा द्यायचं, शिरेतून. चार डोस झाले, दोन राहिलेत. डॉक्टर म्हणतात, गाठ निम्म्यावर आलीय. आता हे म्हणतात, मी जाणार नाही."

"का पण?"

"वजन उतरलंय म्हणून. दवाखान्यातला काटा हे मानत नाहीत. त्याच्यावरचा शिक्का मागच्या वर्षीचा आहे म्हणून तिथल्या नर्सशी भांडून आले." वहिनींना हसू आलं आणि लगेच गेलंही. "पण परवा पँट घसरायला लागली, म्हणून मी पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडलं. माझीच चूक. ते भोक बघितलं आणि जेवण टाकून उठले. म्हणाले, माल रोज कमी भरतोय, आता काटा कशाला तपासत बसायचा."

ताईच्या हातातली सुई थांबली होती.

"मी म्हटलं, अहो, जुनी पँट आहे, कापड सैल पडलंय. तर म्हणाले, कापड सैल पडत नाही, माणूस पडतो. वादच पेटला. शेवटी म्हणाले, चल मास्टरकडे, टेप लावू. टेप छत्तीस म्हणाली तर गुरुवारी मुकाट्याने दवाखान्यात येतो. कमी म्हणाली, तर परत माझ्यासमोर त्याचं नाव काढायचं नाही." वहिनींनी मान वर केली. "उद्या घेऊन येते त्यांना. भाऊ, तुम्ही छत्तीस म्हणा. एवढंच करा माझ्यासाठी."

मास्टरने हो म्हटलं. नाही कसं म्हणणार? बाई गेल्यावर मात्र तो टेप हातात घेऊन बसून राहिला. ज्या माणसाने केसभर झिजलेला मीटर चालू दिला नाही, त्याच्या कमरेला टेप लावून खोटं बोलायचं! साहेबांचा आरशावर विश्वास नव्हता, बायकोवर तर अजिबात नव्हता. टेपवर होता. मग टेपच खोटं बोलली तर? हे सुचलं तेव्हा मास्टरला स्वतःच्या अकलेचं जरा कौतुकच वाटलं होतं.

"कितीची असेल रे कंबर आता?" ताईने विचारलं.

"मागच्या आठवड्यात रस्त्यात दिसले होते. बत्तीस. फार तर पाव इंच इकडे तिकडे." कंबर नुसती बघून सांगण्यात मास्टर चुकत नसे.

त्याने एकदाची टेप कापली. चौदाच्या रेघेवर एकदा आणि अठराच्या रेघेवर एकदा. मधला चार इंचांचा तुकडा टेबलावर पडला. चौदा आणि अठरा निवडायलाही कारण होतं. टेप कमरेभोवती घेतली की तो जोड बरोबर पाठीमागे येणार होता, साहेबांच्या नजरेआड. मग त्याने दोन्ही टोकं ताईपुढे धरली.

"मी नाही त्यातली," ताई म्हणाली, आणि हातातला शर्ट बाजूला ठेवून सुईत सर्वांत बारीक दोरा ओवायला लागली. त्या जोडावर तिने दीड तास घालवला. एकदा उसवून परत घातला, कारण म्हणे टाका बोटाला लागत होता.

दुसऱ्या दिवशी अकराला साहेब आले. दाराची एक पायरी चढायला त्यांना चौकटीचा आधार घ्यावा लागला. वहिनी मागे होत्या, पण हात लावत नव्हत्या. साहेबांना ते खपलं नसतं. शर्टाच्या कॉलरमध्ये गळा हरवला होता. ताईने पटकन मान खाली घातली.

"बसा साहेब, पाणी देऊ?"

"बसायला आलो नाही. टेप लाव," साहेब म्हणाले. "आणि आवाज मोठा ठेव. हिला लिहून घेऊ दे."

वहिनींनी टेबलावरची मापाची वही ओढली, पेन्सिल घेतली. मास्टरने गळ्यातली टेप काढली. त्याने साहेबांच्या कमरेभोवती हात नेले, तेव्हा ते एकमेकांना इतक्या लवकर भेटले की त्याला भडभडून आलं. त्याने टेप जुळवली. जोड बरोबर पाठीमागे गेला.

"छत्तीस," तो म्हणाला.

साहेबांनी खाली वाकून पाहिलं. चष्मा वर सरकवून पाहिलं, चष्म्यातून पाहिलं. टेपवर छत्तीसच होते. त्यांची भुवई वर गेली. मग एकदम त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं की वहिनींनी नजर दुसरीकडे वळवली. त्या माणसाला आनंद झाला होता हो! इतके दिवस दाबून ठेवलेला आनंद, आणि तो लपवायचा कसा हे त्यांना कळत नव्हतं.

"छत्तीस?" ते म्हणाले.

"मी म्हटलं नव्हतं? कापड सैल पडलंय," वहिनी म्हणाल्या. आवाज जरासा कापला, पण निभावलं. त्यांनी वहीत आकडा लिहिला.

इथे थांबायचं की नाही! पण मास्टरच्या डोक्यावरचं ओझं उतरलं होतं आणि हात सवयीने चालू लागले होते. कंबर झाली की लांबी, हा इतक्या वर्षांचा क्रम. टेपचं टोक त्याने साहेबांच्या कमरेला लावलं, खाली उकिडवा बसला, टेप टाचेपर्यंत नेली आणि जो आकडा दिसला तो खणखणीत आवाजात सांगून टाकला.

"लांबी चव्वेचाळीस."

ताईच्या हातातली बटणांची डबी जमिनीवर पडली. बटणं सगळीकडे घरंगळली. वहिनींना यातलं काही कळलं नाही, त्यांनी इमानेइतबारे चव्वेचाळीस लिहिलं. मास्टर मात्र खालीच बसून राहिला. कमरेचा विचार करता करता पायांचा विचार करायचाच राहून गेला होता.

"चव्वेचाळीस," साहेब सावकाश म्हणाले. "म्हणजे आजारपणात माझी उंची वाढली म्हणायची."

त्यांनी हात पुढे केला.

"टेप दाखव."

"साहेब, माझाच बघण्यात काहीतरी घोळ..."

"दाखव, मास्टर."

मास्टरने दिली. दुसरं करणार काय? साहेबांनी टेपचं टोक डाव्या हातात धरलं आणि उजव्या हाताच्या चिमटीतून ती सावकाश ओढू लागले. आयुष्यभर त्यांनी हेच केलं होतं. एक, दोन, तीन. वेग एकसारखा होता. दहा. बारा. तेरा. चौदा. तिथे अंगठा थांबला. मागे आला, पुन्हा पुढे गेला. त्यांनी टेप डोळ्यांजवळ नेली.

मास्टरला वाटलं, आता हा माणूस पँट न शिवताच निघून जाणार, गुरुवारीही घरीच बसणार, आणि ते माझ्यामुळे. वहिनींनी बोललेलं खोटं एक वेळ पचलं असतं, माझ्या शहाणपणाने सगळं धुळीला मिळवलं. त्याला साहेबांकडे बघवेना.

साहेब टेपकडे बघत नव्हते. ते वहिनींकडे बघत होते. वहिनी वहीवर वाकलेल्या होत्या, पेन्सिलीचं टोक कागदात रुतलं होतं, आणि पुढचा आकडा ऐकायला त्या थांबल्या होत्या. मान वर करायची त्यांची हिंमत होत नव्हती. साहेबांनी ताईकडे पाहिलं. ताई जमिनीवर गुडघे टेकून एक एक बटण गोळा करत होती आणि नाक ओढत होती.

"चाळीस लिही," साहेब म्हणाले. "मास्टरला चष्मा लागलाय. टेप उलटी धरतो."

"आणि कंबर?" वहिनींनी विचारलं. आवाज अगदी बारीक.

"कमरेचं काय? छत्तीस सांगितलं ना त्याने. मीही बघितलं. टेप बरोबर आहे."

वहिनींनी चव्वेचाळीस खोडलं आणि वर चाळीस लिहिलं. मग त्या एकदम उठल्या आणि कपाटातलं कापड बघायला निघाल्या. ताई त्यांच्या मागोमाग गेली. दोघी पाठमोऱ्या उभ्या राहून एका राखाडी ताग्यावरून बराच वेळ हात फिरवत राहिल्या. त्यात बघण्यासारखं फारसं काही नव्हतं.

साहेब मास्टरच्या जवळ सरकले.

"खरी किती?" त्यांनी हळूच विचारलं.

मास्टर वहीची पानं चाळू लागला. साहेब थांबून राहिले. खरं माप विचारणाऱ्या साहेबांना टाळणं आजवर कुणाला जमलं नव्हतं.

"बत्तीस."

साहेबांनी मान हलवली. डोळे क्षणभर मिटले, उघडले. हातातल्या जोडावर त्यांचा अंगठा अजून फिरत होता.

"टाका कुणाचा?"

"ताईचा. दीड तास लागला तिला."

"लागायचाच." त्यांनी टेप गुंडाळून मास्टरच्या हातात दिली. मग म्हणाले, "बत्तीसवरच काप. हिच्यासमोर घसरली तर पंचाईत व्हायची."

"हो, साहेब."

"आणि शिवणीच्या आत माया ठेव. चार इंचांची. पुढे सोडावी लागेल."

मास्टरने मान हलवली आणि खडू शोधायच्या निमित्ताने टेबलाकडे वळला. खडू त्याच्या कानावरच होता.

वहिनी राखाडी तागा घेऊन आल्या. साहेबांनी तो बोटांत चुरगळून पाहिला आणि ठीक आहे म्हणाले. मास्टरने वही पुढे ओढली.

"ट्रायल गुरुवारी ठेवू?" तो नेहमीच्या सवयीने बोलून गेला आणि लगेच जीभ चावली.

"गुरुवारी कशी ठेवतोस? गुरुवारी दवाखाना आहे," साहेब म्हणाले.

वहिनींनी टेबलाची कड घट्ट धरली.

"मग शुक्रवारी?"

"शुक्रवारी नको. औषध घेतलं की दुसऱ्या दिवशी फार मळमळतं." साहेब दाराकडे वळले. पायरीपाशी थांबले आणि या वेळी त्यांनी चौकट न धरता मागे हात केला, वहिनींनी धरावा म्हणून. "सोमवारी ठेव."