बोटांचं वळण

मेढ्याच्या वरच्या अंगाला एका वाडीत जालिंदरआबा आणि त्यांची नात अक्षता अशी दोघंच राहत. आबांची बायको दोन वर्षांमागं गेली. मुलगा प्रथमेश आणि सून सोनम पलूसला एका कारखान्यात कामाला होती. दोघांच्या पाळ्या उलटसुलट, म्हणून पोर आबांच्या गळ्यात.

गळ्यात म्हणायचं एवढंच, आबांना ती हवीच होती. म्हैस विकलेली, रान वाट्यानं दिलेलं. करायला उरलं होतं काय? पोर साडेपाच वर्षांची झाली तरी तिची गुंडी आबा लावत, चपलेचा पट्टा आबा ओढत. दुधात भाकरी कुस्करून भरवत, शेंगा सोलून एकेक दाणा तोंडात टाकत. तिचं आवरता आवरता दिवस सरायचा.

दिवाळीनंतर अंगणवाडीच्या प्रियदर्शनीताईंनी त्यांना थांबवून घेतलं.

"आबा, अक्षता सगळी अक्षरं ओळखते. पण काढता एकही येत नाही. खडू मुठीत धरते आणि दोन रेघांत हात टेकते."

"ल्हान हाय अजून."

"बोटांत जोरच नाही तिच्या. घरी शेंगा कोण सोलतं?"

आबांनी आपल्याच बोटांकडं पाहिलं.

"वही-पेन्सिल राहू द्या," ताई म्हणाल्या. "कणीक मळू द्या, चिंचोके वेचू द्या, तिच्या हातानं जेवू द्या. सांडलं तर सांडू दे."

त्या दिवशी अक्षता ताटापुढं आ करून बसली. आबांचा हात आपोआप पुढं गेला, तो त्यांनी मांडीखाली दाबून धरला. पोर रडली, रुसली. अर्धी भाकरी खायला तिला तासभर लागला. आबा तोवर भिंतीकडं बघत राहिले.

मग रोज कणकेचा गोळा तिच्यापुढं पडू लागला. ती लांब वळ्या करी आणि त्या वाकवून परातीत अक्षरं मांडी. ताटात राख पसरून त्यात बोटानं गिरवी. ग आला, म आला, पण स्वतःच्याच नावातला क्ष काही केल्या जमेना. गाठीपाशी वळी तुटायची. आबांना वाटायचं, धरावं बोट आणि द्यावं वळवून. ते उठून परड्यात जायचे.

माघात एका सकाळी तिनं हाक मारली. "आबा, बघा."

वळी कुठंही तुटली नव्हती. आबांनी खाली बसून तो क्ष नीट पाहिला.

"ब्येस झालाय," ते म्हणाले.

नंतर खडू तिच्या तीन बोटांत आपसूक बसला. गुंड्या ती लावू लागली, पट्टा ओढू लागली. आबांचं काम सकाळी आठलाच संपायला लागलं. ती अंगणवाडीत गेली की ते पायरीवर बसत, ऊन सरकेल तसे सरकत.

मे महिन्यात प्रथमेश आला.

"आबा, तिकडंच पहिलीला नाव घातलंय. आता तिचं ती आवरती. सोनमला जड जाणार न्हाई."

"व्हय. आता आवरती."

"तुमी बी चला की."

"दोन खोल्यांत मी कुठं मावायचा रं?"

एस.टी.त चढताना अक्षतानं दांडी स्वतः धरली. खिडकीतून ती हात हलवत होती. गाडी वळणाआड गेली तरी आबा थांब्यावर उभेच होते.

श्रावणात सोनमनं मोबाईलवर अक्षताची वही दाखवली. पानभर शब्द, सगळे रेघेवर सरळ.

"चांगलं हाय," आबा म्हणाले. तेवढ्यात पडद्यावर अक्षता आली. "जेवलीस का?"

"कवाच. आबा, मी ठेवते, अजून एक पान लिहायचंय."

दुसऱ्या दिवशी वाटेत प्रियदर्शनीताई भेटल्या. आबांनी वहीचं सांगितलं.

"लय झरझर लिहिती."

ताईंना बरं वाटलं. "तुम्ही काय करता दिवसभर?"

"काय न्हाई. बसतो."

"मग अंगणवाडीत येऊन बसा. दोन पोरं नवी आलीत, मलाही हाताशी कुणीतरी हवंच आहे."

"येतो की," आबा म्हणाले.

पण ते गेले नाहीत, त्या दिवशीही आणि त्या आठवड्यातही. दुसऱ्यांच्या लेकरांची बोटं बघायला त्यांचं मन अजून धजत नव्हतं.