टोकं आत

"हे पुस्तक खोटं बोलतं," असं म्हणून हिस्काने ते मिटलं आणि नाकारलेल्या पुस्तकांच्या ढिगावर पालथं ठेवून दिलं.

आलीदाने मनातल्या मनात दहापर्यंत आकडे मोजायला घेतले. सातावरच धीर सुटला. "हिस्का, हे सातवं पुस्तक आहे."

"आठवं."

बुधवारची दुपार. शाळा अर्धा दिवसच, त्यामुळे वाचनालयात निम्म्या गावाची पोरं आणि त्यांच्या ओल्या रेनकोटांचा वास. त्या गर्दीत आलीदा माहितीच्या पुस्तकांच्या कपाटापुढे तासभर उकिडवी बसली होती. पायांना मुंग्या आल्या होत्या. ज्वालामुखीचं पुस्तक हिस्काने पहिल्याच पानावर बाद केलं होतं. "सारखं 'तुला माहीत आहे का? तुला माहीत आहे का?' माहीत असतं तर मी हे उघडलं कशाला असतं?" अंतराळाच्या पुस्तकात बटण दाबलं की रॉकेटचा आवाज यायचा, पण बटणाखालचा सेल मेलेला. शरीराच्या पुस्तकात पानोपानी शेंबूड आणि पादण्याचे विनोद. "मुलांना शेंबूड आवडतो असं यांना कोण सांगतं गं, आई?" हा प्रश्न मात्र आलीदालाही पडला होता. पण तसं कबूल करायची ही वेळ नव्हती.

कारण वेळच उरलेली नव्हती. एप्रिल अर्धा सरला होता. जूनमध्ये शाळेची वाचनचाचणी. वर्गाचे ओल्गर सर समोर शब्दांचे तीन तक्ते ठेवतात, प्रत्येकाला एक मिनिट, आणि मुलाने जितके जमतील तितके शब्द धडाधड वाचायचे. जानेवारीत हिस्काचा आकडा वर्गात सगळ्यांत खाली होता. जूनमध्येही तसाच राहिला तर पोरीला पाचव्या गटात, म्हणजे आहे त्याच वर्गात, आणखी एक वर्ष काढावं लागणार. सरांनी हे फार गोड शब्दांत सांगितलं होतं, आणि त्या गोडव्याने आलीदाची झोपच उडाली होती. गोष्टीच्या पुस्तकांना हिस्का हात लावत नव्हती. "मग माहितीची देऊन बघा," सर म्हणाले होते, "त्यात ही मुलं रमतात."

रमतात!

"काय खोटं आहे ह्याच्यात?" आलीदाने पालथं पुस्तक उचललं. पक्ष्यांचं होतं. जाड, गुळगुळीत, मुखपृष्ठाला बक्षिसाचा सोनेरी शिक्का. हे तिने मुद्दाम शेवटी काढलं होतं, हुकमाच्या पत्त्यासारखं.

हिस्काने पान उघडून बोट ठेवलं. टिटवीचं घरटं. गवतातला खळगा, त्यात ठिपक्यांची चार अंडी.

"टोकं बघ."

"कसली टोकं?"

"अंड्यांची. बाहेर आहेत. ती आत असतात, चारही, मधोमध टेकलेली. नाहीतर तिच्या पोटाखाली मावतील कशी?"

दर वसंतात आलीदाचा नवरा वीब्रन पोरीला घेऊन कुरणं तुडवायचा. टिटवीचं घरटं दिसलं की दोन्ही बाजूंना वेताची काठी रोवायची, म्हणजे गवत कापणारा शेतकरी यंत्र वळवून नेतो. हिस्का चार वर्षांची असल्यापासून जात होती. शे-दीडशे घरटी तरी तिने पाहिली असतील.

"अगं, चित्र काढणाऱ्याची चूक झाली. एक चित्र! बाकीचं पुस्तक चांगलं असेल ना?"

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे?"

"हे मला माहीत होतं म्हणून कळलं. ज्यातलं मला माहीत नाही, त्यातलं काय काय चुकलंय ते कसं कळणार? शनीची कडी?"

ग्रंथपाल कोर्नेलियाबाई पुस्तकं लावता लावता थबकल्या. साठी उलटलेली बाई, एकतीस वर्षं ह्याच कपाटांमधून फिरलेली. छातीवर लोंबणारा चष्मा डोळ्यांवर चढवून त्यांनी चित्र निरखलं. बराच वेळ.

"बाई, निदान तुम्ही तरी तिची बाजू घेऊ नका," आलीदा काकुळतीला आली.

"बाजू कसली घ्यायची? पोरीचं बरोबर आहे." कोर्नेलियाबाईंनी पुस्तक काखेत मारलं. "तीन वर्षं हे घरोघर फिरतंय, आणि टिटव्यांच्या गावात एकानेही सांगितलं नाही मला. मीच निवडून आणलेलं, त्या सोनेरी शिक्क्याला भुलून." आणि त्या पुटपुटत निघून गेल्या. हिस्काच्या चेहऱ्यावर विजय वगैरे काही नव्हता. ती नुसती पुढच्या प्रश्नाची वाट बघत होती, आणि आलीदाला तेच असह्य झालं.

संध्याकाळी जेवताना वीब्रनने सगळं ऐकून घेतलं. दिवसभर दुधाचा टँकर चालवून आलेला माणूस. घोटलेल्या बटाट्यात सॉसेज बुडवत तो हसू दाबत होता, आणि ते त्याला साधत नव्हतं.

"हस, हस. शाळेत तोंड दाखवायला मी जाते ना!"

"हसत नाही गं. पण टोकं आत असतात हे खरंय."

"मला अंड्यांवर एक शब्द ऐकायचा नाही!"

दुसऱ्या दिवसापासून आलीदाने स्वयंपाकघरातलं घड्याळ काढलं, अंडी उकडताना लावायचं ते. रोज शाळेतून आल्यावर दहा मिनिटं, शब्दांची यादी. "घर. गाडी. पाऊल. पुढे. पुढे, हिस्का." हिस्का 'पाऊल'वर थांबायची. "कुणाचं पाऊल?" "कुणाचं का असेना! पुढे!" मग तिचे ओठ घट्ट मिटायचे आणि घड्याळाची टिकटिक तेवढी चालू राहायची. घरासमोरच्या मैदानापलीकडे रिक्स्त, हिस्काची जिवाची मैत्रीण, सायकलवरून चकरा मारत हाका घालत असायची. रिक्स्तच्या पुस्तकांवर लाल टिकली होती. शाळेतल्या प्रत्येक पुस्तकाला पातळीची रंगीत टिकली लावलेली, आणि कुणाचं मूल कोणत्या टिकलीवर आहे हे आयांना एकमेकींच्या वाढदिवसांपेक्षा जास्त पाठ. हिस्का अजून पिवळ्यावर. आलीदा तिचं पुस्तक हातात पालथं धरायची, टिकली अंगाकडे जाईल असं.

मेच्या एका दुपारी तिचा तोल गेलाच. "चार अंड्यांपायी वर्ष घालवून बसशील!" ती ओरडली. घड्याळ टेबलावरून उडालं आणि सिंकमध्ये जाऊन वाजत बसलं. हिस्का उठली, घड्याळ बंद केलं, पुसलं आणि आईपुढे आणून ठेवलं. रडली असती तर बरं झालं असतं.

आलीदाची स्वतःची नोकरी नगरपालिकेत, पासपोर्टच्या खिडकीवर. अकरा वर्षं. आजवर तिच्या खिडकीतून चुकीचा कागद बाहेर गेलेला नव्हता, आणि तिची रांग नेहमी सगळ्यांत लांब असायची. मागच्या महिन्यात तिने एका म्हाताऱ्याची जन्मतारीखच चुकीची असल्याचं पकडलं. जुन्या नोंदीत एक, बाकी सगळीकडे दुसरी, सत्तर वर्षं तशीच चालत आलेली. "मग मी केक कधी कापू, पोरी?" म्हाताऱ्याने विचारलं होतं. रांगेतले लोक हसले होते. साहेब हसले नव्हते. शेजारच्या खिडकीत तासाला नऊ माणसं होतात, तुमच्याकडे पाच, असं त्यांनी तिला दोनदा ऐकवलं होतं.

मे संपता संपता कोर्नेलियाबाई सायकलवरून दारात आल्या. पिशवीतून त्यांनी एक करड्या रंगाचं, बिनचित्राच्या मुखपृष्ठाचं पुस्तक काढलं. कुरणातल्या पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या मोठ्या माणसांसाठी लिहिलेलं. आत शाईची रेखाटनं, बारीक अक्षर, वजनांचे आणि दिवसांचे तक्ते.

"बाई, ह्याच्यावर टिकली नाही," आलीदा म्हणाली. स्वतःचं वाक्य ऐकून तिला स्वतःचीच चीड आली.

"टिकली नाही, शिक्का नाही. चित्रं मी एकेक तपासलीत. आधीच तपासायला हवी होती."

"शाळेत हे धरत नाहीत हो. तिला झेपेल तरी का?"

"मला काय माहीत? तिला विचारा."

हिस्काने टिटवीचं पान शोधलं, नाक टेकेल इतकं वाकून पाहिलं आणि पुस्तक खोलीत नेलं. पुढचे तीन आठवडे ती ते वाचत होती. म्हणजे बोट ठेवून, ओळीवर अडून, मध्येच बूट चढवून कुरणावर खात्री करायला जात. तीन आठवड्यांत चौदा पानं. आलीदा दाराच्या फटीतून बघायची. पोरगी आपणहून वाचतेय म्हणून जीव सुपाएवढा व्हायचा आणि पानांचा हिशेब आठवला की परत आक्रसायचा.

चाचणी झाली. जानेवारीपेक्षा दोन शब्द जास्त.

ओल्गर सरांनी आलीदाला बोलावलं. वीब्रन टँकरवर होता. हिस्का बाहेर व्हरांड्यात, कोटांच्या खुंट्यांखाली बसली. सर तरुण होते, मनाने चांगले होते, आणि म्हणूनच त्यांच्यावर धड रागावता येत नव्हतं.

"तिला सगळं कळतं हो," सर म्हणाले. "पण ती प्रत्येक शब्दावर थांबते. जणू त्याची कागदपत्रं तपासतेय."

आलीदाला तिची खिडकी आठवली. खिडकीपुढची रांग, घड्याळाकडे बघणारे लोक. पोरगी हे कुठून शिकली, हे तिला इतक्या दिवसांत एकदाही सुचलं नव्हतं.

"एक मार्ग आहे," सर पुढे म्हणाले. "सुट्टीचे सहा आठवडे रोज अर्धा तास घड्याळ लावून शब्दांचे तक्ते. मी देतो. तेवढे दिवस दुसरं वाचन बंद, ते जाडं पुस्तक तर नक्कीच. थांबायची सवय मोडली पाहिजे. तुम्ही हमी द्या, मी तिला वरच्या गटात घालतो. नाहीतर मग पाचवा गट पुन्हा."

हमी आलीदाच्या ओठांवर आली होती. सहा आठवडे म्हणजे काय! "तिच्याशी बोलून येते," ती म्हणाली, आणि बाहेर येऊन पोरीसमोर गुडघ्यांवर बसली. जे होतं ते सगळं सांगितलं.

हिस्काने विचार केला. "घड्याळ पूर्ण सुट्टीभर?"

"हो."

"आणि पुस्तक बंद?"

"फक्त सहा आठवडे गं."

"मग वर गेल्यावर घड्याळ नसणार?"

आलीदा 'नसणार' म्हणणारच होती. पण वरच्या गटात जानेवारीला एक चाचणी, जूनला एक, हे तिला ठाऊक होतं. "असणार," ती म्हणाली.

"रिक्स्त वर जाणार?"

"जाणार."

हिस्काने बुटाची नाडी सोडली आणि सावकाश पुन्हा बांधायला घेतली. हो म्हण, आलीदा मनात म्हणत होती, हो म्हण ना गं बये, एकदा तरी माझ्यासाठी सोपं कर.

"रिक्स्त दुपारची येईल ना पण खेळायला?"

"येईल की."

"मग घड्याळ नको."

"वर्षभर लहान मुलांत बसावं लागेल, हिस्का. नीट विचार कर."

"केला," हिस्का म्हणाली. "मी हळू विचार करते, पण केला."

आलीदा आत गेली. हमी देता येणार नाही असं तिने सांगितलं. सरांना वाटलं, आपण नीट समजावलं नाही. त्यांनी पहिल्यापासून समजावलं. आलीदाने पहिल्यापासून ऐकून घेतलं आणि पुन्हा तेच सांगितलं. मग त्यांनी पुन्हा पाचव्या गटात बसवण्याचा फॉर्म पुढे सरकवला. तिने तो वरपासून खालपर्यंत वाचला. जन्मतारीख दोनदा पाहिली. सर एकदा घड्याळाकडे बघून खाकरले, तरी तिने बारीक अक्षरातली तळटीपही वाचली, आणि मग सही केली.

त्या संध्याकाळी फोनवर आयांच्या ग्रुपमध्ये कुणीतरी 'बिच्चारी हिस्का' असं लिहून तीन बदाम पाठवले. आलीदाने उत्तर तीनदा लिहिलं, तीनदा पुसलं, आणि फोन पावाच्या डब्यात टाकून झाकण लावलं. वीब्रन म्हणाला, "बरं केलंस." ती त्याच्यावर खेकसली, "बरं केलं की वाईट केलं ते मला अजून कळलेलं नाही, तुला कसं कळलं?"

सप्टेंबरात शाळेत फोटोवाला आला. आलीदा ऑफिसला जाता जाता कुंपणापाशी थांबली, सायकल मांडीला टेकवून. आधी सहाव्या गटाचा फोटो झाला. रिक्स्तने जाता जाता हात हलवला, हिस्कानेही हलवला. मग पाचवा गट बाकांवर चढला. हिस्का मागच्या रांगेत मधोमध. शेजारच्या दोघींची डोकी तिच्या खांद्याला लागत होती.

फोटोवाल्याने एक डोळा मिटून पाहिलं. "ए, मधली उंच! गुडघे जरा वाकव की, राणी. रांग सरळ दिसेल."

हिस्काने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. खाली आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. फोटोवाला वाट बघत होता, सर वाट बघत होते, पुढच्या रांगेतली चिमुरडी चुळबुळ करत मागे वळत होती. आलीदाच्या मुठी सायकलच्या हँडलवर आवळल्या. तिने हाक मारली नाही.

"चल, चल, उन्ह जातंय!" फोटोवाला ओरडला, आणि त्याने बटण दाबलं.

आठवड्याने फोटो घरी आला. मागच्या रांगेत डोक्यांची एक सरळ ओळ, आणि त्या ओळीच्या वर, हनुवटी सरळ ठेवून, एक चेहरा.